डिस्टोपियन कादंबऱ्यांतली पात्रांची नावं – काय काय वाचू?

अर्धा_मसुदा
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. एक दीर्घकथा लिहायला घेतलीये. त्यातल्या राज्यात सगळ्यांना सारखे कपडे, उठायच्या-झोपायच्या वेळा सारख्या, आणि नाव कुणालाच नाही, नुसते नंबर. मला वाटत होतं भारी जमतंय, पण मैत्रिणीला वाचायला दिलं तर म्हणाली, अगं कोण कोणाशी बोलतंय तेच कळत नाहीये, आणि नंबर तर काय सगळेच देतात. तर कळपात राहायचं की वेगळं व्हायचं हा झगडा पात्रांच्या नावांतून दाखवलाय अशा डिस्टोपियन, म्हणजे जाचक राज्यातल्या जगण्याच्या, कादंबऱ्या सुचवा ना. ऑर्वेलचं '१९८४' फार पूर्वी वाचलंय, तेव्हा नावांकडे लक्षही गेलं नव्हतं. इंग्रजी चालेल, फार जड नको. प्रेमत्रिकोणवाल्या टीनएज सिरीज नकोत प्लीज. आणि अजून एक, पात्राच्या नावाचा अर्थ खरंच इतका महत्त्वाचा असतो का, की समीक्षक मागाहून चिकटवतात?

जुनाट_वाचक
नंबरच द्यायचे असतील तर रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनची 'वी' (म्हणजे 'आम्ही') वाचल्याशिवाय पुढे एक ओळ लिहू नका. १९२०-२१च्या सुमाराची कादंबरी, पहिल्यांदा छापली गेली ती १९२४ला इंग्रजी भाषांतरात, आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात यायला १९८८ उजाडलं. तिथे माणसांना माणसं म्हणतच नाहीत, 'नंबर' म्हणतात. पुरुषांना व्यंजन आणि विषम आकडा, बायकांना स्वर आणि सम आकडा. नायक डी-५०३, इंजिनियर, अंतराळयान बांधतोय. घरं काचेची, पडदा ओढायचा तर ठरावीक तासाला, तोही गुलाबी कूपन दाखवून.

आता गंमत बघा. त्या एकेका अक्षरातनं झाम्यातिन जिवंत माणूस उभा करतो. ओ-९० गोलमटोल, तिचं तोंडसुद्धा गोल. एस-४७११ हा पाळत ठेवणारा, एस अक्षरासारखाच दोन ठिकाणी वाकलेला. आय-३३० सडपातळ, धारदार, चाबकासारखी. म्हणजे सरकारने ओळख पुसायला जे अक्षर दिलं त्याच अक्षरातनं ओळख डोकं वर काढते. आणि आपल्या हिरोला लहानपणापासून भीती कशाची तर उणे एकच्या वर्गमूळाची, कारण ती संख्या त्याच्या हिशेबात कुठेच बसत नाही! तेव्हा मैत्रिणीला पात्रं वेगळी कळत नसतील तर नंबरांना बोल लावू नका, नंबरामागचा माणूस अजून लिहून व्हायचाय एवढंच.

रात्रपाळी
+१ 'वी'ला. पण '१९८४' (प्रकाशन १९४९) परत वाचाच, या वेळी फक्त नावांवर नजर ठेवून. नायक विन्स्टन स्मिथ. कादंबरीतल्या हिशेबाने त्याचा जन्म १९४४-४५चा, म्हणजे महायुद्ध संपत आलंय, चर्चिल जोरात आहे, तेव्हा कुणा आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव. आणि आडनाव इंग्रजीतलं सगळ्यात सर्रास. अर्धं नाव इतिहासातलं, अर्धं गर्दीतलं. सकाळच्या कवायतीत टेलिस्क्रीनवरची (घरात लावलेला, पाळतही ठेवणारा पडदा) बाई ओरडते तेव्हा ती '६०७९ स्मिथ डब्ल्यू' असं ओरडते, विन्स्टन पार गाळून टाकलेला.

पण मला सगळ्यात आवडतो तो कॉम्रेड ओगिल्वी. हा माणूस अस्तित्वातच नाही. एका जुन्या भाषणात ज्याची स्तुती होती तो गायब केलाय, मग ती जागा भरायला विन्स्टन ऑफिसात बसून नवा हिरो रचतो, जुन्या नोंदी बदलणं हीच त्याची नोकरी. तीन वर्षांचा असताना म्हणे ड्रम, मशीनगन आणि खेळण्यातलं हेलिकॉप्टर सोडून बाकी खेळण्यांना हात लावला नाही, अकराव्या वर्षी काकाविरुद्ध तक्रार केली, तेविसाव्या वर्षी वीरमरण. पदक द्यावं का यावर विन्स्टन विचारही करतो आणि नको म्हणतो, कारण मग इतर रेकॉर्डमध्येही नोंदी बदलत बसायला लागेल :) आणि याच्या उलट विन्स्टनच्या ओळखीतला तो बिचारा साइम. गायब झाल्यावर नोटीस बोर्डवर बुद्धिबळ कमिटीची यादी असते, काही खोडलेलं नाही, रेघ मारलेली नाही, यादी फक्त एका नावाने कमी. नसलेल्याला नाव देता येतं आणि असलेल्याचं काढून घेता येतं, आणि दोन्ही कारकुनी कामं आहेत, हे ऑर्वेलने जसं दाखवलंय तसं मी दुसरीकडे नाही वाचलं.

उगाच_मत
मी जरा विरोधी सूर लावतो. नावांचे अर्थ शोधणं हा निम्म्या वेळा परीक्षेत मार्क मिळवायचा उद्योग असतो. रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) घ्या. पुस्तकं जाळणारा माँटॅग, कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव. त्याला वाट दाखवणारा म्हातारा प्रोफेसर फेबर, पेन्सिलींची कंपनी. एकावर लिहायचं, दुसऱ्याने लिहायचं, काय जबरदस्त प्रतीक वगैरे वगैरे. आणि ब्रॅडबरी स्वतः नंतर सांगतो की लिहिताना हे डोक्यात नव्हतं, मागाहून लक्षात आलं. त्यामुळे अर्धा_मसुदा, तुम्ही बसून गूढ नावं शोधत राहू नका. नायिकेचं नाव 'मुक्ता' आणि हुकूमशहाचं 'दमनसिंह' ठेवलंत तर मी पहिल्या पानावर पुस्तक मिटणार.

अर्धा_मसुदा
@उगाच_मत, हाहा, मुक्ता खरंच यादीत होती. काढली.
@रात्रपाळी, ओगिल्वी अजिबात आठवत नव्हता, आजच काढते पुस्तक.

पिवळं_पान
मार्गारेट ॲटवुड कुणीच कसं नाही घेतलं अजून? 'द हँडमेड्स टेल', १९८५. तिथे नंबर नाहीत, नावंच आहेत आणि ती नंबरांपेक्षा वाईट आहेत. निवेदिका सत्ताधाऱ्यांसाठी मुलं जन्माला घालायला जुंपलेली दासी, नाव 'ऑफ्रेड', म्हणजे 'ऑफ फ्रेड', फ्रेडची. ज्या कमांडरच्या घरी नेमणूक त्याच्या नावावरनं नाव, घर बदललं की नाव बदललं. एक प्रसंग सांगते (स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढच्या प्रतिसादावर जा). ती रोज जिच्याबरोबर बाजारात जाते ती ऑफग्लेन. एक दिवस तीच टोपी, तेच कपडे, पण आत वेगळीच बाई. ही घाबरत विचारते, ऑफग्लेनची बदली झाली का इतक्यात? ती म्हणते, मीच ऑफग्लेन. संपलं! नाव खुर्चीसारखं झालंय, एक उठली की दुसरी बसते, आणि आधीच्या बाईबद्दल विचारायला शब्दच उरत नाही कारण तिचं नाव आता हिचं आहे.

निवेदिकेचं खरं नाव पुस्तकात शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी रात्री मुली एका पलंगावरनं दुसऱ्या पलंगावर हळूच नावं सांगतात, त्यात एक जून आहे, ते नाव पुढे कुणाला लागत नाही म्हणून वाचकांनी ठरवून टाकलं की हीच ती. ॲटवुड म्हणते माझ्या मनात तसं नव्हतं, पण बसतंय, तुम्हाला हवं तर घ्या. टीव्ही सिरीजमध्ये तर तेच नाव आहे. मला विचाराल तर सिरीजने तिथे घोळ घातला, नाव न कळणं हीच त्या पुस्तकाची बोच होती. शेवटच्या भागात २१९५ सालची परिषद आहे, ते राज्य कधीच पडलंय, मोकळ्या जगातले प्रोफेसर जमलेत, आणि ते सगळा जोर कशावर लावतात तर हा फ्रेड नेमका कोण होता यावर! तिचं नाव त्यांनाही सापडत नाही आणि त्याची फारशी टोचणीही दिसत नाही. तो भाग लोक कंटाळवाणा म्हणून सोडतात, सोडू नका.

खिडकीतली_सीट
हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) राहिली की. बर्नार्ड मार्क्स, लेनिना क्राउन, पॉली ट्रॉट्स्की, बेनिटो हूवर. सगळी उलथापालथ करणाऱ्यांची, नाहीतर सत्तेच्या खुर्चीवर बसलेल्यांची नावं, आणि धारण करणारे लोक असे की गोळी घेतली आणि खूश. एका सामूहिक प्रार्थनेत तर चक्क सरोजिनी एंगल्स नावाची बाई आहे, मी ते वाचून दोनदा खात्री केली. अख्ख्या जगाची लोकसंख्या दोन अब्ज आणि त्यांच्यात मिळून नावं फक्त दहा हजार, म्हणून लेनिना क्राउन आणि तिची मैत्रीण फॅनी क्राउन यांचं काही नातं नाही, योगायोग. मार्क्सवर बंदी घालायची गरजच काय, ते नाव एका कुरकुऱ्या माणसाला देऊन टाकायचं, धार आपोआप जाते. आणि ज्याचं नाव नुसतं 'जॉन' आहे, आडनाव काहीच नाही, तो या बाटलीत वाढवलेल्या लोकांमध्ये आईच्या पोटी जन्मलेला.
भाषा मात्र मधेमधे बोअर करते, आधीच सांगून ठेवतो.

बंडू_नंबर_सात
नंबरच हवेत तर आयन रँडची 'अँथम' (१९३८). छोटीशी आहे, एका बैठकीत होते. नायकाचं नाव इक्वॅलिटी ७-२५२१, तिचं लिबर्टी ५-३०००. घोषणा आणि आकडा मिळून नाव. 'मी' हा शब्दच राहिलेला नाही, तो स्वतःबद्दल बोलतानासुद्धा 'आम्ही' म्हणतो. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते यापेक्षा सरळ कुणी लिहिलेलं नाही.

पिवळं_पान
सरळ म्हणजे इतकं सरळ की शेवटी भाषण ऐकल्यासारखं वाटतं. आणि नावांचंच म्हणाल तर मला शेवट खटकतोच. पळून गेल्यावर हा पुस्तकं वाचतो, स्वतःला प्रॉमिथियस नाव घेतो, ठीक. मग तिलाही हा स्वतःच नाव देऊन टाकतो, गेया, आणि ती म्हणते बरं. समितीने दिलेलं नाव गेलं आणि नवऱ्याने दिलेलं आलं, तिला विचारलं का कोणी?

बंडू_नंबर_सात
१९३८च्या पुस्तकाला आजचे निकष लावायचे असतील तर बोलणंच खुंटलं.

पिवळं_पान
व्यक्तिस्वातंत्र्यावरच्या पुस्तकाला व्यक्तिस्वातंत्र्याचेच निकष लावतेय हो.

जुनाट_वाचक
भांडा निवांत, तोवर मी एक जरा विस्मरणात गेलेलं नाव देतो. आयरा लेव्हिन, तोच 'रोझमेरीज बेबी'वाला, त्याची 'धिस परफेक्ट डे', १९७०. जगभरात पुरुषांसाठी चार नावं आणि बायकांसाठी चार. बॉब, जीझस, कार्ल, ली. ॲना, मेरी, पीस, यिन. पुढे अक्षरं-आकडे, सगळा कारभार एका कॉम्प्युटरकडे. नायक ली आरएम३५एम४४१९, एक डोळा तपकिरी, एक हिरवा. त्याचा आजोबा त्याला 'चिप' म्हणून हाक मारतो. बास, पुढची सगळी कादंबरी त्या हाकेतून निघते. टोपणनाव हे जुन्या काळचं खूळ मानलं जातं तिथे, काही फाशीबिशी नाही, लोक नुसते कसंनुसं तोंड करतात, आणि म्हणूनच ते पटतं. अर्धा_मसुदा, तुमच्या कथेला सगळ्यात उपयोगी पडेल ते हे पुस्तक असं माझं मत. नावाचा अर्थ काय यापेक्षा ते दिलं कुणी आणि कुठल्या खोलीत ते हळू आवाजात घ्यावं लागतं, तिथे बघा.

रात्रपाळी
टोपणनावावरनं आठवलं, लॉइस लॉरीची 'द गिव्हर' (१९९३). मुलांसाठीची म्हणून सोडू नका, प्रेमत्रिकोण नाही. त्या वस्तीत बाळांना वर्षभर नुसता नंबर, नाव समारंभातच मिळतं. जोनसचे वडील बालसंगोपनात कामाला. एक बाळ नीट वाढत नाहीये, ते हे घरी आणतात, आणि समारंभाच्या आधीच यादीत चोरून बघून त्याला घरात गेब म्हणायला लागतात, नावाने हाक मारली तर कदाचित तगेल म्हणून. नियम मोडतो माणूस! आणि हेच वडील पुढे कामावर काय करतात ते सांगत नाही, पण ते वाचताना त्या यादीत डोकावण्याची आठवण येते आणि पोटात ढवळतं. कळपातला माणूस दुष्ट नसतो, प्रेमळच असतो, प्रेमाला ऑफिसची वेळ असते एवढंच.

उगाच_मत
हे आवडलं. तर मग माझ्याकडनं एकच, इशिगुरोची 'नेव्हर लेट मी गो' (२००५). कॅथी एच., टॉमी डी. आडनावाच्या जागी एक अक्षर आणि टिंब. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, बंड नाही, पळून जाणं नाही. इतकं गोड नाव आणि पुढे ते टिंब, कधीतरी आपलं आपल्याला कळतं की घरच नाही तर आडनाव कुठनं येणार. डिस्टोपिया म्हणून वाचायला घेतली तर निम्म्यापर्यंत कळतही नाही.

खिडकीतली_सीट
टीनएज नको म्हणालात तरी 'हंगर गेम्स' (२००८) नावांसाठी चाळाच. कॅपिटॉलमधले, म्हणजे श्रीमंत राजधानीतले लोक सीझर, सेनेका, प्लुटार्क, सिना, म्हणजे अख्खं रोम, आणि देशाचं नाव पॅनेम हे लॅटिनमधल्या 'भाकरी आणि खेळ' वरनं. गरीब भागातली नायिका कॅटनिस, तिचं नाव मात्र पाण्यात उगवणाऱ्या एका खाण्याजोग्या कंदाच्या वनस्पतीचं. वर्गभेद हजेरीपटावरच कळतो. त्रिकोण आहे, तो गाळून वाचा.

अर्धा_मसुदा
बाप रे, वाचनखूण साठवली. मी 'वी' आणि लेव्हिनपासून सुरू करते, मग ॲटवुड. एक विचारू का, समजा माझ्या कथेत नंबर तसेच ठेवले आणि दोघीतिघीच एकमेकींना चोरून नाव देतात असं केलं, तर ते 'चिप'ची कॉपी वाटेल का?

जुनाट_वाचक
नाही वाटणार. चोरून हाक मारणं काही लेव्हिनच्या मालकीचं नाही. फक्त ते नाव सुंदर ठेवू नका. गुडघ्यावरच्या व्रणावरनं, चालण्यावरनं, कधीतरी पडलेल्या मारावरनं असं काहीतरी, जे बाहेरच्याला कळणारच नाही. आणि एकदा ते चुकून चारचौघांत तोंडातनं निघू द्या.

रात्रपाळी
आणि ज्याने ऐकलं त्याने तक्रार करू नये, त्याने स्वतःसाठी एक मागावं. म्हणजे तुम्हाला अजून दोन प्रकरणं मिळतील.

अर्धा_मसुदा
हे मी ढापतेय, आधीच सांगते.

नवखा_वाचक
धागा छान आहे, पण राव मी 'द गिव्हर' निम्मी वाचून ठेवलीये, ते वडिलांचं सांगायच्या आधी स्पॉयलर तरी लिहायचं ना.

रात्रपाळी
काय करतात ते कुठे सांगितलंय? वाचा पुढचं आणि या इथेच.