पश्चिमेची भिंत: लिंपायची की नवी घालायची?

प्रेषक: आर्वीकडची र. (एरवी मिशिगन, सध्या गावी)
१८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपून गावीच थांबले आहे, आर्वी तालुक्यात. घरात रोज एकाच गोष्टीवर बोलणं होतंय. या ईमेल-यादीवर घरं बांधलेली, दुरुस्त केलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते.

आमचं घर आजोबांच्या हातचं. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढरट मातीच्या दीड हात जाड भिंती, मध्ये सागवानी खांब. वर पूर्वी कवेलू (कौलं) होते, आता टिनं (पत्रे) आहेत. गल्लीकडची पश्चिमेची भिंत यंदाच्या पावसाळ्यात फार खराब झाली. खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा (ओलीमुळे फुटणारा खार), त्याच्या वर पोपडे, आणि एका ठिकाणी मूठ आत जाईल एवढं भोक. बाकीच्या तिन्ही भिंती ठणठणीत आहेत.

तालुक्याच्या गावाहून एक ठेकेदार पाहून गेला. त्याचं म्हणणं, चारही भिंतींना बाहेरून जाळी मारून सिमेंटची छपाई (प्लास्टर) करा, नाहीतर पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची पॅनलं ठोका, “तुमच्या अमेरिकेत असते तसं”. दादाला पॅनलं पटली आहेत, कारण दरवर्षी लिंपायला आता गावात माणूस मिळत नाही. आईला दोन्ही नको. “त्या भित्तीले सिमिट नोको लावू, मातीले मातीच पाह्यजे,” एवढंच ती म्हणते.

मिशिगनच्या घराचं साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं पट्ट्यांचं आवरण, आम्ही मागच्या वर्षी सगळं बदललं. ठेकेदार म्हणाला बदला, आम्ही बदललं. मागे काय होतं, खराब का झालं, काही विचारलं नाही. इथे तसं करायचं नाही. या घरात आई बारा महिने राहते.

र.

---

प्रेषक: हिंगणघाटचे काका (मिनेसोटा)
१९ नोव्हेंबर

र., बाळ,

आधी एक सांग. टिनांचा भार कशावर आहे? खांबांवर की भिंतीवर? खांबांवर असेल तर तुझी भिंत आणि इथलं साइडिंग यांत फारसा फरक नाही. इथे लाकडी सांगाडा घर पेलतो आणि साइडिंग नुसतं अंगावरचं कातडं असतं. आपल्याकडच्या खांबांच्या घरातही मातीची भिंत बव्हंशी कातडंच असते. मग ती तुकड्यातुकड्यानं काढून घालता येते. भार भिंतीवर असेल तर टेकू दिल्याशिवाय एक वीटसुद्धा हलवू नका.

माझ्या घराची गोष्ट सांगतो. बैठकीच्या बाहेरची लाकडी फळी कुजली होती. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचत गेलो, तर खिडकीखाली ते लोण्यात जावं तसं आत जात होतं. तीन ठेकेदार आले आणि तिघांनीही चारही बाजू बदलायचा भाव दिला. मी एका कोपऱ्यातल्या चार फळ्या काढून पाहिल्या. जिथे खालचं छप्पर भिंतीला येऊन मिळतं, तिथे पाणी बाहेर फेकणारा वाकवलेला पत्राच लावलेला नव्हता. छपरावरचं सगळं पाणी वर्षानुवर्षं फळ्यांच्या मागे उतरत होतं. तो पत्रा बसवला, एकाच बाजूला फायबर सिमेंटची साइडिंग घातली. बाकीच्या तीन बाजू अजून जुन्याच आहेत आणि चांगल्या आहेत.

लोकांना वाटतं साइडिंग पाणी अडवतं. ते बरंचसं अडवतं, सगळं नाही. वाऱ्याबरोबरचा पाऊस थोडा मागे जातोच, म्हणून मागे पाणी झिरपू न देणारा कागद असतो आणि खाली पाणी निघून जायला वाट असते. ती वाट बुजली की वरून नवंकोरं दिसणारं साइडिंगसुद्धा आतलं लाकूड कुजवतं. म्हणून दुरुस्ती की बदल, हे ठरवण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. ते न शोधता बदललेली भिंत पुन्हा त्याच जागी खराब होते.

आता पॅनलांबद्दल. इथल्या साइडिंगचं विनाइल म्हणजे पीव्हीसीच. ते सत्तर-पंचाहत्तर अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. इथे शेजारच्या खिडकीच्या काचेवरून उन्हाची तिरीप पडून साइडिंग वितळून वाकलेली घरं मी पाहिली आहेत. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतली हवाच पंचेचाळीस-सेहेचाळीस अंश असते. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या उन्हात उभं असलेलं गडद पॅनल किती तापेल याचा विचार कर. शिवाय विनाइल उन्हात लांबतं आणि थंडीत आखडतं. म्हणून त्याचा खिळा भोकाच्या मध्यावर आणि जरा सैल ठोकतात, टोकाला पाव इंच जागा सोडतात. घट्ट ठोकलं तर पट्टी फुगून वर येते. तुमचा ठेकेदार घराच्या आतली पॅनलं बाहेर लावत नाही ना, तेही विचार.

भिंतीला काय विचारायचं ते लिहितो:

मुठीनं ठोकत जा. भरीव आवाज कुठे, पोकळ कुठे, खडूनं खुणा कर. मग ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोड. भिंत बाहेर झुकली असेल किंवा मध्येच पोट आलं असेल आणि तिथेच पोकळही वाजत असेल, तर तेवढा भाग पाडून नवा घालावाच लागेल, तिथे लिंपण टिकत नाही. भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी चुन्यानं चिकटव, तारीख लिही. काच तडकली तर भेग जिवंत आहे आणि खालची जमीन हलते आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशी भेग वरून कितीही बुजवली तरी परत उघडते.

आणि ओल खालून चढते की वरून उतरते, हे नीट बघ.

तुझा काका

---

प्रेषक: दारव्ह्याचा स. (ओहायो)
१९ नोव्हेंबर

ताई,

सिमेंट लावू नका. हे मी आमच्या घराचं नुकसान पाहून सांगतोय.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. बाबांच्या आजारपणात आम्ही भावांनी ठरवलं की घर “पक्कं” करून टाकू. मातीच्या भिंतींना कोंबडी जाळी मारली, वर सिमेंटची छपाई केली, ऑइल पेंट दिला. दोन वर्षं सुरेख दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर छपाईच्या मोठाल्या खपल्या जाळीसकट खाली आल्या आणि मागची माती ओली, काळपट, हातानं उकरावी इतकी भुसभुशीत निघाली. उधई (वाळवी) तिथूनच खांबापर्यंत पोहोचली होती.

कारण नंतर कळलं. मातीची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडते. सिमेंटच्या थरातून ती बाहेर पडत नाही. जोत्यातून चढलेली ओल आतच कोंडते. माती आणि सिमेंट तापल्यावर एकसारखे फुगतही नाहीत, म्हणून जाळी असली तरी पकड सुटते. बारीक केसाएवढ्या चिरेतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट उरत नाही. एक खांब बदलावा लागला आणि अर्धी भिंत पाडावी लागली. बाबांना ते पाहावं लागलं, याचं आजही वाईट वाटतं.

तुमच्या आईंचं म्हणणं मला शंभर टक्के खरं वाटतं.

स.

---

प्रेषक: म. (न्यू जर्सी)
२० नोव्हेंबर

विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. आमचं इथलं घर १९५२ सालचं. बाहेरच्या लाकडी फळ्यांचा रंग खपल्या होऊन पडतोय. खरवडून पुन्हा रंगवू का?

म.

---

प्रेषक: हिंगणघाटचे काका
२० नोव्हेंबर

म., स्वतः खरवडू नका. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला, त्याआधीच्या घरात तो असायची दाट शक्यता आहे. घरात लहान मूल असेल तर फारच जपा. आधी तपासणी करून घ्या, शिसं निघालं तर परवानाधारक माणसाकडूनच काम करा. आणि फळ्यांऐवजी राखाडी, कडक, ठिसूळ तक्ते असतील तर त्यात अॅस्बेस्टॉसही असू शकतं, ते कापू नका, फोडू नका.

---

प्रेषक: आर्वीकडची र.
२७ नोव्हेंबर

काका, स.,

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. दादा सुरुवातीला कंटाळला होता, पण ठोकून पाहायला लागल्यावर तोच पुढे झाला.

भार खांबांवर आहे. ओळंबा सोडला, भिंत सरळ आहे. वरचा भाग सगळीकडे भरीव वाजतो. पोकळ आहे तो खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा, तोही सुमारे नऊ फूट लांबीत. कोपऱ्यात एक भेग आहे, तिच्यावर काच लावली आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. दादाच्या फोनमध्ये ऑगस्टच्या झडीतला एक व्हिडिओ होता, गल्लीतून पाणी वाहत होतं म्हणून त्यानं काढलेला. आम्ही तो चार वेळा पाहिला. टिनावरून पडणारी पागोळी सरळ भिंतीच्या पायथ्याशी पडून उसळत होती, आणि उसळलेलं पाणी नेमकं गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर बसत होतं. कवेलू होते तेव्हा वळचण दोन हात बाहेर होती. सहा वर्षांपूर्वी टिनं घातली, तेव्हा टिनं कमी पडली म्हणून वळचण वीतभर ठेवली. त्यानंतर तीन वर्षांनी गल्लीत सिमेंट रस्ता झाला आणि तो आमच्या जोत्याच्या बरोबरीला आला. पूर्वी पाणी उतारानं नाल्याकडे जायचं, आता ते भिंतीशी थांबतं. भिंत साठ वर्षं टिकली आणि या सहा वर्षांत खचली, त्याचं कारण हे.

आईला दाखवलं तर म्हणाली, “मी म्हनत होतो न, वळचण काहून कमी केली म्हनून.” ती खरंच म्हणत होती, त्या वेळी आम्ही कोणी ऐकलं नाही.

रविवारी दादाला घेऊन सेवाग्रामला गेले होते. बापूकुटी १९३०च्या दशकातली, मातीची. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेली, पण या वेळी फक्त छपराची कड आणि भिंतीचा पायथा पाहत फिरलो. छप्पर केवढं बाहेर आलंय, ओसरीमुळे पाऊस मुख्य भिंतीपर्यंत येतच नाही, आणि लिंपण सतत होत राहतं. दादा परतीच्या वाटेवर म्हणाला, पॅनलं राहू दे.

तर आता: नऊ फुटांचा खालचा पट्टा बदलायचा, वरचं लिंपायचं, वळचण वाढवायची. पट्टा कशानं भरू? माती की विटा?

र.

---

प्रेषक: हिंगणघाटचे काका
२८ नोव्हेंबर

फार चांगलं काम केलंत. आता निम्मं काम उरलंय.

खालचा पट्टा दगड किंवा पक्क्या विटा चुन्यात बसवून भरा. तीन फुटांचा तुकडा काढा, भरा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग शेजारचा न घेता एक सोडून पुढचा घ्या. खांबांवर भार असला तरी टेकू द्याच, वरची माती स्वतःच्या वजनानं बसते. भिंतीलगत रस्त्याच्या कडेनं वीतभर रुंद नाली काढून पाणी नाल्याला जोडा. ग्रामपंचायतीत आधी लेखी अर्ज द्या, नाहीतर पुढच्या रस्त्याच्या कामात ती नाली बुजेल. इथे साइडिंगसुद्धा मातीपासून सहा इंच वर ठेवतात, तेही याच उसळत्या पाण्यासाठी.

लिंपणासाठी शेतातली काळी माती अजिबात घेऊ नका, वाळली की जाळीदार भेगा पडतील. गावठाणातली पांढरी घ्या. पांढरी, रेती आणि गव्हांडा (गव्हाचा भुसा) यांचे तीन-चार वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने भिंतीवरच हातभर चौकोनात लावून पाहा. आठवड्यात जो भेगाळत नाही आणि नखानं सुटत नाही, तो तुमच्या मातीचा मेळ. पुस्तकातलं प्रमाण कामाचं नाही, दर गावाची पांढरी वेगळी असते. आताच करा, थंडीत हळू वाळतं. एप्रिल-मेच्या उन्हात लिंपण वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि सुटतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, ग्रामीण घरांवर त्यांचं जुनं काम आहे. जमलं तर जाऊन या.

काका

---

प्रेषक: आर्वीकडची र.
९ जानेवारी

मंडळी,

परवा निघतेय, त्याआधी कळवते.

पट्टा विटांचा झाला. गावातले एक म्हातारे मिस्त्री आले, दोन तरुण पोरांना घेऊन. पोरांनी मातीकाम कधी केलं नव्हतं. मिस्त्रीबुवांनी माती आठ दिवस भिजत घातली आणि रोज सकाळी त्यांच्याकडून तुडवून घेतली. चार नमुन्यांपैकी तिसरा उतरला: पांढरी दोन टोपली, रेती एक, गव्हांडा अर्धं, थोडं शेण. पहिला थर जाड आणि खडबडीत, त्याच्या बारीक भेगा पडू दिल्या, मग दुसरा पातळ. पट्ट्यावर चुन्याची छपाई, भिजवलेला चुना एक आणि रेती तीन. वळचणीला नवी टिनं जोडून ती दोन हात बाहेर काढली, खाली बांबूच्या तिरक्या आधारांवर. नाली झाली. अर्जाची पोच आईच्या ट्रंकेत आहे.

दादाची अडचण खरी होती, तिच्यावरही बोलणं झालं. दोन्ही पोरं पुढच्या दिवाळीआधी पोतारा (लिंपणाचा पातळ हात) मारून द्यायला यायला तयार आहेत. गावात आणखी तीन घरांनी त्यांना विचारलंय.

स., तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तुझ्या बाबांबद्दल ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, त्या पोराले गावी आलं की इकडे घेऊन ये.

कोपऱ्यातली काच अजून अखंड आहे. मे महिन्यात जमीन भेगाळेल तेव्हा दादा पुन्हा पाहणार आहे. फोटो इथेच टाकते.

र.