नक्षीदार कागदाचं शुभेच्छापत्र: पहिलंच फसलं, सल्ला हवाय

मंडळी, हौसेनं नक्षीदार कागदांचा गठ्ठा आणला. १५ सेंमीचे चौकोनी कागद: फुलं, ठिपके, पट्टे, चौकडी, सगळं आहे. दोन महिने नुसता उघडून बघतेय आणि परत ठेवून देतेय. परवा धीर करून एक कार्ड केलं. पुढच्या बाजूला मोठ्या गुलाबांचा कागद पूर्ण चिकटवला, भोवती पट्ट्यांची चौकट, मधोमध ठिपक्यांचं बदाम आणि वर सोनेरी पेनानं 'अभिनंदन'. हातभर लांबून ते अभिनंदन दिसतच नाही! शिवाय डिंकानं फुगे आले आणि घडीवर कागद तडकून पांढरी रेघ उमटली. काय काय चुकलं?

प्रतिसाद १
गुलाब, पट्टे आणि ठिपके तिघंही एकदम बोलायला लागले, म्हणून अभिनंदन कुणाला ऐकू आलं नाही. पहिल्या चार-पाच कार्डांना नक्षीदार कागद एकच घ्या, तोही पट्टीएवढा. ए-फोर जाड कागद अर्धा कापून दुमडला की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं. त्यावर ३-४ सेंमी रुंदीची उभी पट्टी, मधोमध नाही, जरा डावीकडे. बाकी सगळं कोरं. मोकळ्या जागेला घाबरू नका.

साधा कागद निवडताना नक्षीतला सगळ्यात कमी दिसणारा रंग उचला. गुलाबांच्या कागदाला गुलाबी जोड देऊ नका, देठांचा हिरवा द्या. फरक लगेच कळेल. आणि मजकूर कधीही थेट नक्षीवर लिहू नये. पांढऱ्या कागदाच्या तुकड्यावर लिहून तो चिकटवायचा.

प्रतिसाद २
फुग्यांचं कारण डिंकातलं पाणी. पातळ कागदाचे तंतू ते पितात आणि फुगतात. वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाहीत, म्हणून लाटा येतात. दुहेरी चिकटपट्टी वापरा, चारी कडांना आणि मधे एक. नाहीतर ग्लू स्टिक. घरच्या इंकजेट प्रिंटरवर नक्षी छापली असेल तर पातळ डिंक लांबच ठेवा, शाई पसरते. (माझी निळी फुलपाखरं अशीच वाहून गेली.)

एक मात्र आहे, चिकटपट्टी लावली की चूक सुधारता येत नाही. आधी सगळे तुकडे नुसते मांडून बघा, फोटो काढा, मगच चिकटवा.

प्रतिसाद ३
घडीबद्दल. कागदाला धार असते, म्हणजे बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात. न दुमडता हलकेच वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूनं सहज वाकतो, घडी तिकडूनच घालायची. त्याआधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या. कार्डाचा मूळ कागद २२० ते २५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असला की उभं नीट राहतं.

नक्षीदार कागद घडीवरून मागे नेऊच नका. बहुतेकदा रंग वरवर छापलेला असतो, आतला गाभा पांढराच. तो दुमडला की तडकणारच. घडीपासून ३ मिमी अलीकडे थांबा.

प्रतिसाद ४
वरच्या सगळ्याला +१, पण 'फक्त पट्टी' हे मला पटत नाही. बारीक, एकाच रंगाच्या छटांची नक्षी असेल तर पूर्ण पान खुशाल झाका. गुलाबाचं एकेक फूल अंगठ्याएवढं असेल तर छोट्या कार्डाच्या कडांना फुलं अर्धीमुर्धी कापली जातात. अशा कागदातलं एकच फूल कातरून पांढऱ्यावर लावा.

कापायला जीव होत नसेल तर एक चोरटी युक्ती. नक्षीवर दुसरा थर बसणार असेल तर त्याखालचा मधला भाग आधीच कापून काढून घ्या. कडेला सेंटीमीटरभर ठेवला तरी पुरतो. झाकलं जाणारं कोण बघतंय? आतल्या तुकड्यात पुढचं कार्ड होतं.

धागाकर्ती
ही युक्ती भारीच! पण धारदार पाती वापरूनही माझ्या कडा कुरतडल्यासारख्या येतात.

प्रतिसाद २
जोर लावून एकदाच ओढताय ना? धातूची पट्टी धरून हलक्या हातानं दोन-तीनदा फिरवा. पातं बोथट झालं की लगेच बदला. आणि वर-खाली असलेली नक्षी कापण्याआधी मागे पेन्सिलनं बाण काढा, नाहीतर फुलं डोक्यावर उभी राहतात.

धागाकर्ती
केलं! पांढरं कार्ड, डावीकडे ठिपक्यांची पट्टी, तिला लागून देठाच्या हिरव्याची अगदी बारीक रेघ आणि गुलाबांच्या कागदातून कातरलेलं एकच फूल. अभिनंदन पलीकडच्या खोलीतूनही वाचता येतंय. बाण काढायला विसरले होते, पण ठिपक्यांना काय, कसेही लावा. पट्ट्यांच्या कागदाला अजून हात लावलेला नाही.