क्रिस्तपुराण मराठीत, मग छपाई रोमनमध्ये का?

प्रश्न: क्रिस्तपुराण म्हणजे गोव्यातल्या इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सनी ख्रिस्तकथेवर रचलेलं मराठी काव्य. त्यांची ओवी तर थेट संतांच्या वळणाची. मग १६१६ साली रोमन लिपी कशासाठी?

उत्तर १: खिळ्यांमुळे, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांमुळे. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण देवनागरी खिळे नव्हते. काना-मात्रा, जोडाक्षरं धरली की शेकडो साचे लागतात. रोमनचं काम दोन-अडीच डझनांत भागतं.

उत्तर २: वाचताना सांभाळा. ट, ड, ण, ळ यांसाठी रोमन अक्षर दोनदा छापलंय. ते सुटलं की ‘बाळ’चा ‘बाल’ होतो आणि लिप्यंतर बिघडतं.

उत्तर ३: लिपीपेक्षा मला गरज मोठी वाटते. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, जुनी पुराणं बंद झाली, मग लोकांनी ऐकायचं काय? ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती हेच विचारतो: जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?