लातूरकडून एकटीनं मालवणला जायचंय : राहणं, पोहणं, खाणं याबद्दल सल्ला हवा

औशाच्या बाई

नमस्कार मंडळी. मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. चाळिशी ओलांडलीय. समुद्र आजवर फक्त शाळेच्या सहलीत पाहिला, तोही लेकरांची डोकी मोजत. पाण्याकडं निवांत बघायला कधी मिळालंच नाही. यंदा भाऊबीज उरकली की चार-पाच दिवस एकटीनंच जायचं ठरवलंय. घरच्यांची ना नाही, मालकांना दुकान सोडवत नाही एवढंच.

विचारायचं ते असं. तारकर्ली, देवबाग का वेंगुर्ला? एकट्या बाईला खोली देतात का? मला विहिरीत चांगलं पोहता येतं, लहानपणी वडिलांनी पाठीला डबा बांधून शिकवलंय. तेवढ्यावर समुद्रात उतरलं तर चालेल का? आणि मी माळकरी आहे, तिकडं जेवायचं कसं होईल? गणपतीपुळ्याचंही कुणीतरी सुचवलंय.

सेलूचा पाहुणा

बाई, जायचं तेवढं सांगतो. लातूरवरून सोपं म्हणजे सोलापूर-कोल्हापूर एसटी, कोल्हापुरात मुक्काम, आणि सकाळच्या गाडीनं घाट उतरून कणकवली किंवा थेट मालवण. घाट दिवसा उतरा, बघण्यासारखा आहे. रेल्वेनं जायचं तर नांदेड-पनवेल गाडी परभणी-लातूरवरूनच जाते. पनवेलला कोकण रेल्वेची गाडी धरायची आणि कुडाळला उतरायचं. पण पनवेलला दोन गाड्यांचा मेळ बसतो का ते आधी बघून घ्या. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं मी तुमच्या जागी असतो तर एसटीच धरली असती.

गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, पण पाण्यात उतरायला ती जागा नाही. तिथला समुद्र लगेच खोल होतो. दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं आणि त्यात आपल्याकडची, घाटावरची पोरं असतात.

गोदाकाठ

ताई, मी नांदेडचा. एकट्यानं हिंडायची सवय आहे आणि मालवण-देवबागचा पट्टा माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खोलीचं. मोबाइलवर खोली ठरवून, पैसे भरून मी रात्री पोचलो, तर तिथला माणूस म्हणाला, "सिंगलला देत नाही." एकट्याला खोली द्यायची नाही असा कुठला कायदा नाही, ओळखपत्र दाखवलं की पुरतं. पण रात्रीच्या वेळी पाठीवर पिशवी घेऊन कायदा कुणाला सांगणार? भरलेले पैसे परत मिळायला पुढं कितीतरी फोन करावे लागले. बाहेरच्या चहाच्या टपरीवर एक मावशी आवराआवर करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला काही न विचारता त्यांनी चुलतदिराला फोन लावला, आणि त्याच्या घरी माडीवरची खोली मिळाली. माडीवरून माडाच्या झावळ्या हाताला लागत होत्या. तेव्हापासून मी घरगुती सोयच बघतो. तुम्ही निघायच्या आधी फोन करून स्पष्ट बोला : मी एकटी येणार आहे, खोली नक्की ना? घरात बायामाणसं कोण आहेत? बोलण्यावरून निम्मं कळतं. आणि काही झालं तरी दिवसाउजेडी पोचा. मालवणहून देवबागकडं जाणाऱ्या एसट्या मोजक्या आहेत. संध्याकाळची हुकली की रिक्षावाला सांगेल तो भाव.

आता पोहण्याचं, आणि हे मी कळकळीनं लिहायलोय. विहिरीतलं पाणी जागचं हलत नाही. मीही विहिरीतच शिकलो, गोदावरीत पोहलो. देवबागचं गाव म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते. त्या टोकाच्या बरंच अलीकडं मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. लाट परत जाताना टाचेखालची वाळू निसटली आणि दोन-तीन लाटांत पाणी गळ्याशी आलं. किनाऱ्याकडं तोंड करून हात मारायलो, पण किनारा काही जवळ येईना. दम तुटायला आला. वाळूवर रापणीचं जाळं ओढणारी माणसं होती. त्यातला एकजण पाण्याच्या कडेनं पळत, हात आडवा हलवत ओरडत होता. शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होता. मी आडवा, किनाऱ्याला समांतर पोहायला लागलो. थोड्या अंतरावर ओढ सुटली आणि पुढच्या लाटेनंच मला वाळूकडं ढकललं.

तो माणूस रागावला नाही. जवळ बसवलं, पाणी पाजलं, आणि बोट करून दाखवलं : इकडं लाटा फुटतायत, तिकडं फुटतायत, आणि मधे एक पट्टा गुळगुळीत, जरा गढूळ, तिथं लाट फुटतच नाही. घाटावरच्या माणसाला वाटतं तीच जागा शांत, आणि तो नेमका तिथंच उतरतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्याच वाटेनं परत आत जात असतं. चांगला पोहणाराही त्याच्यासमोर टिकत नाही, कारण तो किनाऱ्याकडं सरळ पोहून थकून जातो. थकू नये. अंग पाण्यावर सैल सोडावं, हात वर करून हाक द्यावी, आणि आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं. ताई, एवढं पाठ करूनच जा.

त्यानंतर मी त्या माणसांबरोबर दोराला हात लावला. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणतात आणि दोन रांगा करून ओढतात. दोर ओला, जाड, आणि पिळात वाळू भरलेली, तळहात सोलून निघतो. पाठीमागं चालत ओढायचा, मागच्या टोकाला गेलं की सोडायचा आणि पुन्हा पाण्यापाशी जाऊन धरायचा. बाया, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, सगळे रांगेत. जाळं वर आलं तेव्हा त्यात तारली, पेडवे आणि थोडे बांगडे होते. दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तसा मलाही दिला. मी नको नको म्हणालो, तर ज्यानं हात हलवला होता तोच म्हणाला की ओढलंस म्हणजे वाटा तुझा. घरमालकिणीनं त्याचं तिखलं केलं.

एक सावधगिरी दिवाळीची. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार वादळ होतं. ते किनाऱ्यावर आलं नाही, दूरच राहिलं, तरी लाटा इतक्या चढल्या की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. मी मालवणातच अडकलो होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात असं होऊ शकतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा आणि एक दिवस मोकळा ठेवा.

बीडचे काका

बाई, माझं बोलणं कडू लागेल, पण मनापासून सांगतो. एकटीनं जाऊ नका. वरच्या नांदेडच्या दादांना माणसं जवळ होती म्हणून ते वाचले. एखादी मैत्रीण, बहीण, शाळेतली सहकारी बाई, कुणीतरी सोबत न्या. अनोळखी ठिकाणी रात्री ताप आला तर दवाखान्यात नेणारं माणूस लागतं. माझ्या स्वतःच्या लेकीलाही मी हेच सांगितलं असतं.

जालन्याची सून, माहेर देवबाग

काका, तुमची काळजी कळते. पण पाण्यात एकटीनं उतरू नये आणि गावाला एकटीनं जाऊ नये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मीही मानते. आमच्याकडचे जन्माचे दर्यावर्दीही सहसा एकटे पाण्यात जात नाहीत. पण गावात एकट्या आलेल्या बाईला माणसं मिळतात. माझ्या आईकडं पाहुणी म्हणून आलेली एक बाई तापली होती, तेव्हा शेजारच्या वहिनी तिच्या उशाशी बसून होत्या. बाई, तुम्ही या. उतरलात त्या घरच्या बाईला सकाळी सांगायचं की अमुक ठिकाणी चाललेय, अमुक वेळेला येईन. घरच्यांना त्या घराचा फोन नंबर देऊन ठेवायचा. अडचणीत ११२ आहेच.

आता भरती-ओहोटीचं, कारण आमच्याकडं घड्याळाआधी हे बघतात. तुमच्या घरात पंचांग असेलच. त्यातली तिथी घ्या, तिला तीननं गुणा आणि चारनं भागा. येईल ती भरतीची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तासानं पुढं सरकतं. हा हिशोब ढोबळ आहे. मालवणकडं वेळ थोडी आधी येते, म्हणून खात्री तिथल्या होडीवाल्याकडूनच करायची. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढ-उतार कमी.

ओहोटी लागलेली असताना नदीच्या तोंडाजवळ अजिबात उतरायचं नाही. नदीही बाहेर चाललेली असते आणि समुद्रही. खडकावर बसायचं असेल तर भरती कधी ते आधी विचारायचं, नाहीतर परतीची वाट पाण्याखाली जाते. पोहायला तारकर्लीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, बरी. उतरायचं ते माणसं जिथं उतरलीत तिथं, आणि कमरेच्या वर पाणी नको.

जेलीफिश चिकटली तर वाळूनं चोळू नका, गोड्या पाण्यानं धुऊ नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. श्वासाला जड वाटलं तर तिथं वेळ न घालवता थेट दवाखाना.

औशाच्या बाई

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही लेकीसारखं समजून लिहिलंत, ते मनाला लागलं. तरी मी जाणार आहे. देवबागच्या ताई, मी कार्तिक शुद्ध पंचमीला पोचेन आणि नवमीला निघेन असं धरलंय. हे दिवस कसे? आणि जेवणाचं राहिलं बघा.

जालन्याची सून, माहेर देवबाग

दिवस चांगले निवडलेत. तुम्ही असाल तोवर पाणी भांगाकडं चाललेलं असेल, त्रिपुरीचं उधाण तुम्ही निघाल्यावर. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. भरती दुपारनंतर, ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. पहिल्या सकाळी नुसतं वाळूवरून चाला, पाणी मागं गेलेलं असेल, शंख-शिंपले दिसतील. किल्ल्याची होडी मालवणच्या जेटीवरून मिळते. होडीवाले किल्ल्यात थांबायला तासभर देतात, ते कमी पडतं. आधीच बोलून जास्त वेळ मागून घ्या. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पाया घातलेला किल्ला आहे, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. विहिरीत पोहायला शिकलेल्या बाईनं त्या बघायलाच पाहिजेत.

जेवणाची चिंता नको. आमच्याकडं सोमवारी आणि एकादशीला कित्येक घरांत मासे शिजत नाहीत. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, डाळीची आमटी, सोलकढी, सगळं मिळेल. फक्त खोली ठरवतानाच सांगा की मी माळकरी आहे, भांडी वेगळी ठेवाल का. घरगुती ठिकाणी ठेवतात, हॉटेलात तेवढं होत नाही.

उदगीरची नर्स

एक भर घालते. आपल्याला वैशाखातल्या बेचाळीस डिग्रीची सवय, म्हणून तिकडचं ऊन कमी वाटतं. पण आपलं ऊन कोरडं, घाम येतो तो लगेच वाळतो. तिकडं हवा दमट, घाम अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र कमी होत जातं. तहान लागायची वाट न बघता पीत राहा. ओआरएसची पाकिटं, बी.पी.-शुगरच्या गोळ्या असतील तर दोन दिवसांच्या जास्तीच्या, आणि पूर्ण बाह्यांचा सुती कपडा पिशवीत ठेवा. पाण्यात साडी किंवा ओढणी घालून उतरू नका, भिजली की पायात गुंडाळते. सलवार-कुर्ता बरा, त्याचीही ओढणी काढून ठेवा.

गोदाकाठ

रोख पैसे थोडे जवळ ठेवा, देवबागच्या टोकाकडं मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते. होडीत चढताना गुडघ्याएवढ्या पाण्यातून जावं लागतं. माझा फोन तिथंच भिजून गेला, तर फोन आणि औषधं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घाला, आणि घरचे दोन नंबर कागदावर लिहून वेगळे ठेवा. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. देईनात तर त्या होडीतून उतरा, दुसरी मिळते.

बीडचे काका

बाई, जाताय तर कोल्हापूरला माझ्या मेहुणीचं घर एसटी स्टँडच्या जवळच आहे. त्यांच्याकडं मुक्काम करा, मी आजच बोलून ठेवतो. पत्ता-नंबर निरोपातून पाठवतो. सकाळच्या मालवण गाडीत तीच बसवून देईल.