पॅट हॅनरहान यांचं काम: कुठून सुरुवात करावी, कोणता पेपर कोड करून बघावा?

त्रिकोणजाळी

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे ग्राफिक्समध्ये संशोधन करायचा विचार आहे, म्हणून सेमिनारला पॅट हॅनरहान यांची कारकीर्द हा विषय घेतलाय. टिपणं काढली आणि गोंधळ वाढला. न्यूक्लियर इंजिनिअरिंगची पदवी, बायोफिजिक्समध्ये पीएच.डी., पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत त्रिमितीय दृश्यांची चित्रं काढणारं रेंडरमॅन सॉफ्टवेअर, मग प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डला प्राध्यापकी, मध्येच टॅब्लो ही आलेखांची कंपनी, आणि २०१९चं ट्युरिंग पारितोषिक. ही यादी एकाच माणसाची आहे असं वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या सगळ्यातून जाणारा धागा कोणता? आणि एखादा पेपर स्वतः कोड करून दाखवायचा आहे, तर कोणता घ्यावा? हातात तीन आठवडे आहेत, सी++ बऱ्यापैकी येतं, मशीन म्हणजे साधा लॅपटॉप.

छायाभेद

आधी एक दुरुस्ती, कारण परीक्षक नेमकं इथेच पकडतील. हॅनरहान हे रेंडरमॅन 'इंटरफेस'चे मुख्य रचनाकार. ते सॉफ्टवेअर नव्हे, तो करार आहे. दृश्याचं वर्णन करणाऱ्या प्रोग्रामनं काय द्यायचं आणि चित्र काढणाऱ्या प्रोग्रामनं ते कसं समजून घ्यायचं, एवढंच त्यात ठरवलंय. त्याचा मसुदा १९८८चा. पिक्सारनं त्या करारावर चालणारा जो रेंडरर लिहिला तो वेगळा, आणि त्याच्या पोटातली रेयेस पद्धत (पृष्ठभागाचे बारीक तुकडे करून ते रंगवायची) कुक, कार्पेंटर आणि कॅटमल यांच्या १९८७च्या पेपरात आहे. सेमिनारमध्ये हे दोन्ही एक करू नका.

धागा मला तरी त्या करारातच दिसतो. हॅनरहान आणि जिम लॉसन यांचा १९९०चा शेडिंग भाषेवरचा पेपर उघडा. पृष्ठभागाचा रंग काढायला छोटा प्रोग्राम (शेडर) लिहावा ही कल्पना त्यांच्या आधीची आहे: कुक यांची १९८४ची शेड ट्री, पर्लिन यांचा १९८५चा इमेज सिंथेसायझर. हॅनरहान आणि लॉसन यांनी वेगळं काय केलं, तर भाषेतच 'युनिफॉर्म' आणि 'व्हेरिइंग' असे दोन प्रकार आणले. युनिफॉर्म किंमत पृष्ठभागाच्या एका तुकड्याला एकदाच काढायची, व्हेरिइंग मात्र त्यावरच्या प्रत्येक बिंदूला. कुठली गोष्ट किती वेळा काढावी लागते, हे प्रोग्रामरनं सांगितलं की उरलेलं वेळापत्रक कंपायलर लावतो.

हा एकच विचार पुढे किती लांब जातो ते बघा. स्टॅनफर्डच्या २००१च्या रिअल-टाइम शेडिंग भाषेत त्याच्या चार पायऱ्या झाल्या: स्थिर, वस्तूंच्या गटाला एकदा, शिरोबिंदूला एकदा, फ्रॅगमेंटला (पिक्सेलएवढ्या तुकड्याला) एकदा. त्या प्रकल्पातले बिल मार्क पुढे एनव्हिडियाच्या सीजी या शेडिंग भाषेच्या रचनेत होते. हॅनरहान यांचे विद्यार्थी मॅट फार यांनी इंटेलमध्ये लिहिलेला आयएसपीसी कंपायलर आजही डाउनलोड करून बघता येतो. त्यात ग्राफिक्सचा संबंध नाही, साध्या सीपीयूच्या व्हेक्टर सूचनांसाठी तो आहे, तरी कीवर्ड तेच: युनिफॉर्म आणि व्हेरिइंग.

२००२मध्ये पर्सेल, बक, मार्क आणि हॅनरहान यांनी ग्राफिक्स कार्डावर रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणं) कसं बसवता येईल ते मांडलं. त्या काळी कार्डाकडून त्रिकोण रंगवण्यापलीकडचं काम करून घ्यायचं, तर आकडेमोड टेक्स्चर आणि पिक्सेलच्या वेषात लपवावी लागे. २००४च्या ब्रुक भाषेनं तो वेष काढला आणि प्रोग्रामरच्या हाती स्ट्रीम (डेटाचा प्रवाह) आणि कर्नल (त्यातल्या प्रत्येक घटकावर चालणारं छोटं फलन) दिले. ब्रुकचे मुख्य लेखक इयन बक एनव्हिडियात गेले, आणि २००६मध्ये ग्राफिक्स कार्डावर कुठलंही गणित चालवायची त्यांची कूडा ही प्रणाली जाहीर झाली. आज न्यूरल नेटवर्क शिकवणाऱ्या कोडची वंशावळ काढली तर ती शेडरपर्यंत पोचते. मला हा त्यांच्या कारकिर्दीचा कणा वाटतो. चित्रपटांचं नाव मोठं झालं, पण कणा हा.

किरणवेध

कोडसाठी रवी रामामूर्ती आणि हॅनरहान यांचा २००१चा इरेडियन्स एन्व्हायर्नमेंट मॅपचा पेपर घ्या. इरेडियन्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा एकूण प्रकाश. लाइट फील्ड (लेव्हॉय आणि हॅनरहान, १९९६; अनेक फोटोंतून नव्या कोनातलं दृश्य बनवायची पद्धत) मोहात पाडेल, पण ३२ × ३२ कॅमेरे आणि प्रत्येकी २५६ × २५६ पिक्सेल धरले तरी कच्चा डेटा १९२ एमबी होतो आणि तेवढे फोटो अचूक टिपणं हेच मोठं काम होऊन बसतं. शिवाय त्यात प्रत्येक किरण दोन प्रतलांवरच्या बिंदूंनी नोंदतात; त्यांतलं मागचं प्रतल वस्तूच्या खोलीवर ठेवलं नाही तर प्रत्येक कड दुहेरी दिसते. तीन आठवड्यांत ते नको.

इरेडियन्सच्या पेपरचा मुद्दा असा. मॅट पृष्ठभागावर चहूबाजूंनी पडणारा प्रकाश प्रत्येक नॉर्मलसाठी (पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेसाठी) बेरीज करून काढायचा तर फार वेळ लागतो. पण मॅट पृष्ठभाग स्वतःच चाळणीसारखा वागतो, प्रकाशातले बारीक बदल तो पुसून टाकतो. त्यामुळे स्फेरिकल हार्मोनिक्सचे (गोलावरचे बदल ठोकळ ते बारीक अशा पातळ्यांत मांडणाऱ्या बेसिस फलनांचे) पहिले ९ सहगुणक पुरतात. सरासरी चूक सुमारे १ टक्का.

करायचं असं. ३६० अंशांचा एचडीआर (उजेडाच्या खऱ्या किमती राखणारा) फोटो घ्या. प्रत्येक पिक्सेलची दिशा काढा, झेड अक्ष वर. त्या दिशेला नऊ बेसिस मोजा: ०.२८२०९५, मग ०.४८८६०३ गुणिले वाय, झेड, एक्स, मग १.०९२५४८ गुणिले एक्स-वाय, वाय-झेड, एक्स-झेड; ०.३१५३९२ गुणिले (३ झेडवर्ग वजा १), आणि ०.५४६२७४ गुणिले (एक्सवर्ग वजा वायवर्ग). पिक्सेलचा रंग × बेसिस × त्या पिक्सेलचा घनकोन (गोलावर तो व्यापतो तेवढा भाग), ही बेरीज म्हणजे सहगुणक. नंतर पहिल्या एकाला ३.१४१५९३नं, पुढच्या तिघांना २.०९४३९५नं आणि शेवटच्या पाचांना ०.७८५३९८नं गुणा. कुठल्याही नॉर्मलला परत त्याच नऊ बेसिसनी बेरीज केली की इरेडियन्स मिळाला. पातळ्या शून्यापासून मोजतात (०, १, २); तिसऱ्या पातळीचा गुणक शून्यच येतो आणि चौथ्याचा उणे ०.१३, म्हणून दुसऱ्या पातळीवर थांबलं तरी चालतं.

खऱ्या फोटोआधी सगळे पिक्सेल १ असलेलं चित्र द्या. पहिला सहगुणक ३.५४४९, बाकी आठ शून्य, आणि कुठल्याही दिशेला उत्तर पाय, म्हणजे ३.१४१६. ही चाचणी वगळू नका. सुंदर दिसणारं चूक चित्र ग्राफिक्समध्ये फार सहज तयार होतं.

त्रिकोणजाळी

आभार, दोघांचेही. पांढऱ्या चित्राची चाचणी केली. वर बघणाऱ्या नॉर्मलला ६.४८ येतं आणि क्षितिजाकडे बघणाऱ्याला ४.१६. नऊ बेसिसचे आकडे दोनदा ताडून पाहिले, बरोबर आहेत. दुसऱ्या पातळीचा मधला सहगुणक शून्य न येता ३.११ येतोय.

किरणवेध

घनकोनात साइन थीटा राहिलाय (थीटा म्हणजे वरच्या ध्रुवापासूनचा कोन). आकड्यांवरूनच कळतं. फोटो चौकोनात पसरलेला असतो, त्यामुळे ध्रुवाजवळची ओळ आणि विषुववृत्तावरची ओळ सारख्याच पिक्सेलची असते, पण गोलावर ध्रुवाजवळची ओळ अगदी आखूड. एका पिक्सेलचा घनकोन (२ पाय ÷ रुंदी) × (पाय ÷ उंची) × साइन थीटा, आणि थीटा मोजायचा पिक्सेलच्या मध्यावर, म्हणजे ओळ क्रमांक अधिक ०.५. साइन नसेल तर गोलाचं एकूण माप १२.५७ऐवजी १९.७४ होतं आणि दोन्ही ध्रुवांना जास्तीचं वजन मिळतं. म्हणूनच तुमचा ३ झेडवर्ग वजा १ वाला सहगुणक ३.११ आला.

खरा फोटो लावताना आणखी तीन ठिकाणी घसरायला होतं. जेपीजी वापरलात तर त्यातल्या किमती गॅमानं (पडद्यासाठीच्या वक्रानं) दाबलेल्या असतात, आधी त्या लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या प्रमाणात करा, नाहीतर खिडकी आणि भिंत जवळपास सारखाच प्रकाश टाकतील. शेवटी मॅट रंग लावताना पायनं भागायचं असतं. ते राहिलं तर चित्र तिप्पट उजळ दिसतं, आणि मग लोक एक्स्पोझर खाली ओढून चूक झाकतात. आणि मॉडेल वाय-वर असेल तर नॉर्मल आधी झेड-वर करून घ्या.

फोटोत उघडा सूर्य असला तर वेगळीच अडचण. एका टोकदार दिव्याला नऊ सहगुणकांत बसवलं की समोरचा भाग १ऐवजी १.०६ येतो आणि सूर्यापासून साधारण १२२ अंशांवर उत्तर उणे ०.०४. उणे प्रकाश नसतो, तिथे काळे डाग पडतात. सूर्याचे पिक्सेल काढून त्याचा वेगळा दिवा करा आणि उरलेलं आकाश या नऊ सहगुणकांना द्या.

स्तंभालेख

टॅब्लोला यादीतलं आगंतुक समजू नका. ख्रिस स्टॉल्टी, डायान टँग आणि हॅनरहान यांचं पोलॅरिस हे संशोधन आधीचं, कंपनी २००३ची, आणि त्याचा गाभाही भाषेचाच आहे. शेडरमध्ये 'पृष्ठभाग कसा दिसावा' हे लिहायचं, पोलॅरिसमध्ये 'तक्ता कसा दिसावा' हे एका बीजगणितात लिहायचं. तीन क्रिया: जोड, गुणाकार आणि 'च्या आत'.

शेवटच्या दोघांतला फरक उदाहरणाशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके. जिल्हा × तालुका लिहिलं तर प्रत्येक जिल्ह्यासमोर प्रत्येक तालुक्याचं नाव येतं, तेरा हजारांच्या आसपास रकाने, बहुतेक रिकामे. जिल्हा / तालुका लिहिलं तर डेटात खरोखर असलेल्याच जोड्या येतात. वर रायगडातलं कर्जत आणि अहिल्यानगरातलं कर्जत, पुण्यातलं खेड आणि रत्नागिरीतलं खेड आपोआप वेगळी राहतात. माउसनं रकाना ओढला की आतून हे सूत्र लिहिलं जातं आणि त्यातून डेटाबेसची क्वेरी तयार होते. सेमिनारमध्ये रेंडरमॅन आणि पोलॅरिस शेजारी शेजारी ठेवा, तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुटेल.

निरंक

भाषांचा मुद्दा मान्य, पण छायाभेद यांनी भौतिकशास्त्र फारच बाजूला सारलंय. बायोफिजिक्सची पदवी १९८५ची, आणि पुढे त्यातलं गणित वाया गेलेलं नाही.

१९९१ची हायरार्किकल रेडिऑसिटी घ्या (हॅनरहान, सॉल्झमन, ऑपर्ले). रेडिऑसिटी म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर किती प्रकाश टाकतात ते मोजायची पद्धत. खोलीतल्या भिंतींचे १०,००० तुकडे केले आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध मोजला तर १० कोटी जोड्या होतात. ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या गणितात लांबच्या ताऱ्यांचा पुंजका एकच मानतात. तोच विचार इथे आणला: लांबचे तुकडे ठोकळमानानं धरायचे, जवळचे बारीक करायचे. खर्च तुकड्यांच्या वर्गाऐवजी तुकड्यांच्या संख्येच्या प्रमाणात आला, अधिक सुरुवातीच्या मोठ्या पृष्ठभागांचा वर्ग.

१९९३मध्ये क्रूगर यांच्याबरोबर त्वचा आणि पानं थरांची मानून त्यांत शिरून परतणाऱ्या प्रकाशाचा पेपर आला, आणि २००१मध्ये यान्सन, मार्शनर, लेव्हॉय आणि हॅनरहान यांचं डायपोल मॉडेल (आत विखुरलेला प्रकाश दोन काल्पनिक दिव्यांतून येतो असं मानणारं). शोषणाचं आणि विखुरण्याचं हे गणित अणुभट्टीत न्यूट्रॉन कसे पसरतात त्याच्याच घरातलं, तेव्हा न्यूक्लियर इंजिनिअरिंगही यादीत उगाच नाही. या कामासाठी यान्सन, मार्शनर आणि हॅनरहान यांना २००४मध्ये ऑस्कर अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं.

त्रिकोणजाळी

साइन थीटा घातला, आता सगळ्या दिशांना ३.१४१६. निरंक, डायपोलचं एक लहान चित्र जोडता येईल का? त्या पेपरातली संगमरवराची मापं वापरून मूर्ती काढली, तर ती साधी मॅट प्लास्टरची दिसते.

निरंक

एकक बघा. त्या तक्त्यातली मापं दर मिलिमीटरची आहेत. संगमरवराचं विखुरणं लाल-हिरवा-निळा २.१९, २.६२, ३.०० आणि शोषण ०.००२१, ०.००४१, ०.००७१. मूर्तीच्या फाइलमध्ये १ एकक म्हणजे १ मीटर असेल, तर दोन्हींना १०००नं गुणायचं. पण तुमची मूर्ती प्लास्टरची दिसतेय, म्हणजे उलट झालेलं दिसतं: फाइल मिलिमीटरमध्ये असताना हजारनं गुणलंय, त्यामुळे प्रकाश आत शिरतच नाही. मीटरच्या फाइलला न गुणता दिलं असतं तर मूर्ती मेणासारखी आरपार उजळली असती.

तपासायला एक गणित करा. ३ × शोषण × (शोषण + विखुरणं) याचं वर्गमूळ काढा आणि १ला त्यानं भागा. प्रकाश साधारण किती लांब पसरतो ते मिळतं: लाल सुमारे ८.५ मिमी, निळा सुमारे ४ मिमी. लाल दुप्पट लांब जातो, म्हणून सावलीच्या कडेला किंचित तांबूस झाक यायला हवी. मूर्तीची उंची १५० मिमीच्या आसपास ठेवा आणि दिवा मागून लावा. नाकाच्या आणि कानाच्या पातळ कडेला ती झाक दिसली की मापं बरोबर बसली.