सुपरनॅचरल सीझन ५: डीनने लॉकेट देवावरच्या रागाने टाकलं की सॅमवरच्या?

चांदणी:
या अमेरिकन मालिकेच्या ५ व्या सीझनचा १६ वा एपिसोड पुन्हा बघितला, ज्यात भुताखेतांची शिकार करणारे डीन आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम दोघं मरून स्वर्गात जातात तो. डीनच्या सुखाच्या आठवणी काय, तर १९९६ च्या ४ जुलैला सॅमसोबत उडवलेले फटाके आणि आईनं करून दिलेलं सँडविच. आणि सॅमच्या? दुसऱ्याच कुणाच्या घरचं जेवण, पळून जाऊन फ्लॅगस्टाफला कुत्र्यासोबत काढलेले दिवस आणि स्टॅनफर्डला शिकायला जायला घर सोडलं ती रात्र. एकातही डीन नाही!! शेवटी त्यांचा देवदूत मित्र कॅस डीनचं लॉकेट परत देतो आणि डीन ते सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतो. कॅसने ते देव शोधायला नेलेलं, त्यामुळे राग देवावरचा म्हणता येईल, पण टाकतो तेव्हा सॅम समोर उभा असतो ना. सॅम इतका स्वार्थी आहे का खरंच?

इम्पाला६७:
माझ्या मते सॅमवरचाच. तिसऱ्या सीझनचा ख्रिसमस एपिसोड आठव, १९९१ चा फ्लॅशबॅक. सॅमने ते लॉकेट बाबांसाठी ठेवलेलं असतं, बाबा येतच नाहीत, मग तो ते डीनला देतो. तेव्हापासून डीनच्या गळ्यात तेच. त्याच्या लेखी घरात आपल्याला कुणीतरी निवडलं याचा तेवढा एकच पुरावा, आणि स्वर्गात जाऊन कळतं की सॅमच्या सुखात आपण कुठेच नाही. वर झकराया या देवदूताने उभी केलेली खोटी आई त्याला तोंडावर सांगते की तुला सगळेच सोडून जातात. मला तर तो सीन बघवत नाही, कारण झकराया नवीन काहीच बोलत नाही, डीन स्वतःशी जे रोज बोलतो तेच आईच्या तोंडून ऐकवतो.

धाकटा:
स्वार्थी अजिबात नाही. मी स्वतः धाकटा आहे, घरातून बाहेर पडायची धडपड मला कळते. सॅम डीनला सोडून गेला नव्हता, तो बापाला आणि त्या शिकारीच्या जगण्याला सोडून गेला होता, पण डीनला यात फरकच दिसत नाही. का, ते फ्लॅगस्टाफच्या सीनमध्ये आहे. डीन म्हणतो की माझ्यावर जबाबदारी असताना तू पळालास, मला वाटलं तू मेलास, आणि बाबा घरी आल्यावर... तिथेच तो गप्प होतो. पुढे काय झालं असेल ते आपणच समजायचं. २ नोव्हेंबर १९८३ ला घर पेटलेलं असताना बापाने चार वर्षांच्या पोराच्या हातात बाळ दिलं आणि बाहेर पळायला सांगितलं, ते बाळ त्याने नंतर कधी खाली ठेवलंच नाही. म्हणून सॅम दाराबाहेर पडला की डीनला भाऊ गेल्याचं दुःख होतंच, वर आपण कामात चुकलो ही भीती. आणि त्या भीतीपोटी तो फार वाईट वागतो हेही बोला की! नवव्या सीझनमध्ये सॅमला न विचारता, फसवून त्याच्या अंगात देवदूत घुसवतो. जीव वाचला, पण मरायचं की जगायचं हे सॅमला ठरवू दिलं नाही.

चांदणी:
हो, ते मलाही खटकलं होतं. पण मग सॅम म्हणतो ना की तुझ्या जागी मी असतो तर असं केलं नसतं, ते ऐकताना डीनचा चेहरा बघ.

धाकटा:
बघितला. पण त्याच सीझनच्या शेवटी डीन मरायला टेकल्यावर सॅम म्हणतो की ते खोटं होतं. म्हणजे पकडून ठेवायची सवय दोघांनाही, सॅम फक्त उशिरा कबूल करतो.

इम्पाला६७:
चौथा सीझन विसरू नका. सॅम निघतो तेव्हा डीन म्हणतो, आता गेलास तर परत येऊ नकोस. स्टॅनफर्डच्या वेळी बापानेही हेच सुनावलेलं! सोडून जातील या भीतीने स्वतःच दार लावून घेतो. नंतर व्हॉइसमेलवर तो नमतं घेतो, आपण एकाच घरातले आहोत म्हणतो, पण सॅमपर्यंत पोचतो तो बदललेला मेसेज, ज्यात डीन त्याला राक्षस म्हणतोय. सॅमला एवढंच कळतं की भावानेही टाकलं. चांदणी, पुढचं बघताना सॅमची ही बाजू डोक्यात ठेव, मग तुला लॉकेटच्या सीनमध्ये त्याचाही चेहरा दिसेल.