ओसीआरमधून निघालेल्या मराठी फाइल्समधील ओळी जोडताना परिच्छेद आणि ओव्या कशा राखाव्यात?

प्रश्न

नमस्कार. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांवर टेसरॅक्ट हा ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारा) प्रोग्राम चालवून मी त्यांची टेक्स्ट फाइल्समध्ये निर्यात करत आहे. प्रत्येक पानाची एक फाइल तयार होते आणि छापील पानावर जिथे ओळ संपते, तिथे फाइलमध्येही लाइन ब्रेक येतो. हा मजकूर मोबाइलवर वाचायला घेतला की वाक्ये मध्येच तुटतात, आणि एखादा शब्दसमूह दोन ओळींत विभागला गेला असेल तर शोधातही सापडत नाही. फाइल्स शेकडो असल्यामुळे हे काम हाताने करणे शक्य नाही.

टीआर या कमांडने प्रत्येक लाइन ब्रेकच्या जागी स्पेस घातली, तर संपूर्ण पानाचा एकच परिच्छेद होतो. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये लाइन ब्रेक शोधून बदलण्याची आज्ञा दिली, तर फाइलमध्ये काहीच बदल होत नाही. पर्ल या भाषेच्या परिच्छेद पद्धतीने (मजकूर एकेक परिच्छेद करून वाचणे) बऱ्याच फाइल्स व्यवस्थित होतात. मात्र एका सहकाऱ्याने विंडोजवर तपासून परत पाठवलेल्या फाइल्समध्ये परिच्छेद ओळखलेच जात नाहीत. शिवाय मजकुरात अधूनमधून ओव्या आणि अभंग आहेत, त्यांच्या ओळी जशाच्या तशा राहायला हव्यात. मी लिनक्स वापरतो आणि पायथन जुजबी येते. योग्य मार्ग कोणता?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या अडचणींपैकी दोन अडचणी साधनांच्या स्वभावातून येतात, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

सेड फाइल एकेक ओळ करून वाचते आणि वाचतानाच ओळीच्या शेवटचा लाइन ब्रेक काढून ठेवते. त्यामुळे आपली आज्ञा जेव्हा त्या ओळीवर चालते, तेव्हा शोधण्यासारखे तिथे काही उरलेलेच नसते. पुढची ओळ जोडून घेण्याची सोय सेडमध्ये आहे, परंतु परिच्छेदांच्या कामासाठी ती वाचायला आणि दुरुस्त करायला फार किचकट पडते. पर्ल किंवा ऑक (मजकूर हाताळणारे आणखी एक साधन) यांची परिच्छेद पद्धत अधिक सरळ आहे, कारण त्यात कोरी ओळ हीच दोन नोंदींमधली सीमा मानली जाते.

सहकाऱ्याच्या फाइल्सचे कारण जवळजवळ निश्चितपणे विंडोजचे लाइन ब्रेक हे आहे. युनिक्स परंपरेत ओळ संपल्याची खूण म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतातील 10 क्रमांकाचे एकच अदृश्य अक्षर असते, तर विंडोजमध्ये 13 आणि 10 अशी दोन अक्षरे लागोपाठ येतात. ही जोडी टेलिप्रिंटरच्या काळातली आहे: एक खूण छपाईचा भाग डावीकडे परत नेत असे आणि दुसरी कागद एक ओळ वर सरकवत असे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जी ओळ डोळ्यांना कोरी दिसते तिच्यात 13 क्रमांकाचे अक्षर शिल्लक असते. लिनक्सवरील पर्लच्या लेखी ती ओळ कोरी नसते, म्हणून परिच्छेदाची सीमा त्याला सापडत नाही. नुसत्या स्पेस असलेल्या ओळींचीही तीच गत होते. फाइल नावाची कमांड चालवून खात्री करून घ्या. त्यानंतर सर्व फाइल्स डॉसटूयुनिक्स या विंडोजचे लाइन ब्रेक युनिक्सच्या पद्धतीत बदलणाऱ्या कमांडमधून काढा, ओळींच्या शेवटच्या अनावश्यक स्पेस पुसा, आणि मगच ओळी जोडायला घ्या.

पायथन वापरणार असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरे बाइट्समध्ये साठवण्याची पद्धत) स्वतः नमूद करा. विंडोजवरून आलेल्या फाइल्सच्या सुरुवातीला कधी कधी बाइट ऑर्डर मार्क ही एन्कोडिंग दर्शवणारी अदृश्य खूण असते आणि पानांच्या फाइल्स एकमेकींना जोडल्या की ती मजकुराच्या मध्यभागी जाऊन बसते. यूटीएफ-8-सिग हे एन्कोडिंग दिल्यास ती वाचतानाच गळून पडते.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते कामाचा खरा गाभा पुढे आहे. कोणता लाइन ब्रेक पानाच्या रुंदीमुळे आला आहे आणि कोणता लेखकाने मुद्दाम दिला आहे, हे स्क्रिप्टने ठरवले पाहिजे. जुन्या छपाईत परिच्छेदांमध्ये कोरी ओळ बहुधा नसते, फक्त पहिली ओळ थोडी आत सरकवलेली असते, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ती खूण हरवते. अशा वेळी आखूड ओळ हा आधार उरतो: जी ओळ पूर्णविरामाने संपते आणि पानावरील सर्वसाधारण ओळीपेक्षा स्पष्टपणे आखूड आहे, तिथे परिच्छेद संपला असे मानावे. केवळ पूर्णविरामावर विसंबू नये, कारण ‘डॉ.’ किंवा ‘रा. रा.’ यांच्यापाशीही ओळ तुटू शकते.

ओळीची लांबी मोजताना मात्र देवनागरीत एक मोठी अडचण आहे. पायथन जी संख्या देतो त्यात मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सर्व चिन्हे स्वतंत्रपणे मोजलेली असतात. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेली आखूड ओळ लांब ठरते आणि साध्या अक्षरांची लांब ओळ आखूड ठरते. युनिकोडडेटा या मॉड्यूलच्या साहाय्याने ही चिन्हे वगळून मोजणी करावी. याच कारणाने ‘ओळ अक्षराने संपते का’ हे तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा नमुना शोधण्याच्या सूत्रातील) शब्द-अक्षराची खूण वापरू नये. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये काना, वेलांटी यांसारखी चिन्हे तिच्यात बसत नाहीत, आणि मराठी ओळींचा शेवट तर बहुतेक वेळा मात्रेनेच होतो.

ओळीच्या शेवटच्या संयोगचिन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. शब्द मोडल्यामुळे आलेले चिन्ह काढायचे असते, परंतु ‘आई-वडील’ किंवा ‘येणे-जाणे’ यांतील चिन्ह ठेवायचे असते. यासाठी सर्व फाइल्समधील शब्दांची एक यादी तयार करावी. जोडलेले रूप त्या यादीत इतरत्र आढळले तर चिन्ह काढावे, चिन्हासहित रूप आढळले तर ठेवावे, आणि दोन्ही आढळले नाहीत किंवा दोन्ही आढळली तर ती जागा माणसाने पाहावी म्हणून वेगळ्या फाइलमध्ये नोंदवावी. ही शेवटची यादी सुरुवातीला लांबलचक असली तरी तिच्यामुळे चुकीचे शब्द गुपचूप मजकुरात शिरत नाहीत, म्हणून तो त्रास घ्यावाच असे माझे आग्रहाचे मत आहे.

दोन दंडांनी (॥) संपणाऱ्या ओळी आणि लागोपाठ येणाऱ्या आखूड ओळींचे गट जोडणीतून वगळले की ओव्या आणि अभंग बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. पानाच्या माथ्यावरील शीर्षके आणि पृष्ठांक आधी काढून टाकावेत. नाहीतर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या वाक्याच्या पोटात ते जाऊन बसतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डॉसटूयुनिक्सनंतर त्या फाइल्समधील परिच्छेद व्यवस्थित ओळखले जाऊ लागले. उरलेल्या बऱ्याच अंकांत मात्र परिच्छेदांमध्ये कोरी ओळ नाहीच, केवळ पहिली ओळ आत सरकवलेली आहे. पानांच्या मूळ प्रतिमा माझ्याकडे आहेत. त्यांचा काही उपयोग करता येईल का?

प्रतिसाद ३

प्रतिमा हाताशी असतील तर अंदाज बांधण्याऐवजी टेसरॅक्टकडूनच अधिक माहिती घ्यावी. साध्या टेक्स्टऐवजी टीएसव्ही (टॅबने विभागलेल्या रकान्यांच्या तक्त्याच्या) स्वरूपात निर्यात केली, तर प्रत्येक शब्दासोबत त्याचा विभाग, परिच्छेद आणि ओळ यांचे क्रमांक मिळतात, आणि पानाच्या डाव्या व वरच्या कडेपासूनचे अंतर, रुंदी आणि उंचीही पिक्सेलमध्ये मिळते. ओळीतील पहिल्या शब्दाचे डावीकडचे अंतर पाहिले की आत सरकवलेली ओळ थेट कळते आणि शेवटच्या शब्दावरून आखूड ओळ कळते, त्यामुळे अक्षरे मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. ओव्यांच्या ओळीही दोन्ही बाजूंनी आत असल्याने सहसा वेगळ्या काढता येतात. परिच्छेदाचा क्रमांक प्रत्येक विभागात पुन्हा सुरुवातीपासून येतो, म्हणून तो एकटा न वापरता पान आणि विभाग यांच्या क्रमांकांसोबत वापरावा. स्कॅन तिरके असेल तर आधी सरळ करून घ्यावे, अन्यथा डावीकडचे अंतर वरपासून खालपर्यंत सरकत जाते. सहकाऱ्याने ज्या फाइल्स तपासल्या आहेत त्यांना मात्र हा मार्ग लावू नका, कारण त्यांनी केलेल्या दुरुस्त्या नव्या निर्यातीत नसतील. तिथे प्रतिसाद २ मधलीच पद्धत योग्य आहे.

साफसफाईच्या नावाखाली सर्व अदृश्य अक्षरे काढणाऱ्या तयार स्क्रिप्ट्सही टाळा. काही फाइल्समध्ये ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील र शून्य रुंदीच्या जोडअक्षराच्या आधाराने लिहिलेला असतो. ते अक्षर गेले की त्याचा रफार होतो आणि शब्द बिघडतो.

मूळ फाइल्सवर थेट काम न करता परिणाम नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये लिहा. ओळी जोडून झाल्यावर, पण संयोगचिन्हांना हात लावण्यापूर्वी, शीर्षके व पृष्ठांक काढलेली जोडणीआधीची आणि नवी अशा दोन्ही फाइल्समधील सर्व स्पेस व लाइन ब्रेक काढून उरलेला मजकूर एकमेकांशी ताडून पाहा. तो अक्षरशः सारखाच असला पाहिजे. जी फाइल या कसोटीला उतरत नाही, तिचे नाव स्क्रिप्टने छापावे आणि ती पुढच्या टप्प्यात जाऊ देऊ नये.